दुसऱ्याच्या अक्षरात

"'प्रिय' लिहून झालं का, मामा?"

"झालं कधीच. पुढं बोल. जीप काही आपल्यासाठी खोळंबायची नाही."

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सारून जखमींना निजवलं होतं. पहाटे पूल हातचा गेला. पूल राखायला गेलेल्यांपैकी जेमतेम निम्मे परतले. त्यात पत्र सांगणारा हा ट्रकचालक होता. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. शत्रू नदी ओलांडत होता आणि दुपारच्या आत शाळा रिकामी करायचा हुकूम सुटला होता. फाटकात टपालाची जीप गुरगुरत उभी. लिहायला बसला होता पलटणीचा आचारी. त्याला सगळेच मामा म्हणत.

"लिहा, मी खुशाल आहे."

मामाने तेवढं लिहिलं आणि पदरचं एक वाक्य जोडलं, 'तुझी फार आठवण येते.'

"हे मी कुठं म्हटलं?"

"रोज चुलीपाशी बसून माझं डोकं कुणी खाल्लं मग? तिच्या शिलाईयंत्राचा आवाजसुद्धा पाठ झालाय मला."

ट्रकचालकाला हसू आलं, पण तेवढ्यात खिडकीच्या काचा थडथडल्या. तोफा जवळ सरकल्या होत्या.

पत्र तिच्या वहिनीच्या नावाने जायचं; तो पत्ता मामाने आधीच कागदामागे लिहिला होता. तिच्या घरात त्यांच्याबद्दल एकट्या वहिनीलाच ठाऊक होतं. सुट्टीवर गेलं की तिच्या वडिलांना रीतसर विचारायचं, तोवर तिने थांबायचं, असं दोघांचं ठरलं होतं. पण सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, पुन्हा बांधली आणि त्याच्याकडे न बघता सांगितलं, "मागच्या इस्पितळात पोचलास की हात काढावा लागेल. नाहीतर जिवावर बेतेल."

"लिहा," तो म्हणाला. "आम्ही हरलो. आणि... माझी वाट पाहू नकोस. वडील म्हणतील तिथं लग्न कर."

पेन्सिल थांबली.

"लिहा ना!"

"हरलो ते लिहिलं. पुढचं नाही लिहिणार."

"मामा, वेळ नाहीये!"

"म्हणूनच सांगतो. तिच्या वाटचं तूच ठरवून मोकळा होतोस, आणि ते तिनं माझ्या अक्षरात वाचायचं? सांगायचंच असेल तर स्वतः लिही."

कागद-पेन्सिल त्याच्या डाव्या हाताशी ठेवून मामा उठला. भांडी ट्रकात चढवायची होती.

जवळच कुठेतरी गोळा फुटला. छताचा चुना कागदावर सांडला.

"कुणाचं टपाल राहिलंय? निघालो बरं का!" जीपवाला ओरडला.

ट्रकचालकाने फुंकर मारून चुना उडवला, कागद गुडघ्याखाली दाबला आणि पेन्सिल डाव्या मुठीत धरली. पहिलं अक्षर उलटंच पडलं. दुसऱ्याला कागद फाटला. 'वाट' एवढा शब्द उमटेपर्यंत त्याला घाम फुटला. तो त्या शब्दाकडे बघत राहिला, मग त्याने तो खोडला. खाली वेडीवाकडी अक्षरं रेटत त्याने लिहिलं: 'उजवा हात जाणार आहे. हे डाव्याने लिहिलंय. वाचता येतंय का, कळव.'

जीपवाल्याने कागद जवळजवळ हिसकावूनच नेला.

स्ट्रेचरवाले दोघे आत आले. "चल गड्या. कोट घाल, बाहेर गारठा आहे." एकाने कोट खांद्यावर टाकला आणि बटणं लावायला वाकला.

"राहू दे," तो म्हणाला. "मी लावतो."

बाहेर गाड्या सुरू झाल्या होत्या. त्याची बोटं पहिल्या काजावर घसरली, पुन्हा घसरली. स्ट्रेचरवाल्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पहिलं बटण बसलं. तो दुसऱ्याकडे वळला.