निळं टोपण

निळं... आणि आतल्या अंगाला एक पांढरी रेघ. औषध तेवढंच मोजून घ्यायचं, ती रेघ. ओल्या मातीसकट ते टोपण नूतनच्या तळहातावर पडलं होतं आणि ती आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी उकिडवी, दुसरा हात पाचोळ्यात तसाच विसरून बसली होती. गांडुळं शोधायला हात घातला होता तिनं. अकराच्या सुमाराला तिच्याकडून आंबे घेणारी पनवेलची माणसं कासू स्टेशनला उतरणार, बाग बघणार, मग त्यांच्या पोरांना ओंजळीत गांडुळं दाखवायची. दरवर्षी दाखवते ती... पोरं किंचाळतात, आया मागं सरकतात आणि हळूच पुन्हा पुढं येतात.

टोपण कशाचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. लग्न होऊन आली तेव्हा गोठ्यातल्या फळीवर या बाटल्यांची रांगच होती. मोहोराचं औषध. पावसाळ्यात बुंध्याभोवती पहारीनं भोकं पाडायची, पाण्यात कालवून ओतायचं, की झाड वाढायचं सोडून नुसतं मोहरत सुटतं. नऊ वर्षांपूर्वी त्या सगळ्या बाटल्या तिनंच घराबाहेर काढल्या होत्या, अख्ख्या घराशी भांडून! बागेत शेण, गोमूत्र, पाचोळा, बस्स. वरच्या माळावर ना वणवा, ना गुरं. गवत पिकून पिवळं पडलं, त्यातल्या पाखरांची पिल्लं उडाली, की मगच विळा लावायचा. आणि झाडाला त्याच्या मनानं मोहरू द्यायचं... हे तिचं वाक्य. येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवायची आणि ऐकवताना दरवेळी तिच्या अंगावर शहारा यायचा, खोटं कशाला बोला.

जुनं असेल, तिनं स्वतःला समजावलं. नऊ वर्षांपूर्वीचं. पण रेघ कशी कोरी करकरीत! आणि पाचोळ्याखाली भोक होतं, पावसानं अर्धं बुजवलेलं. हातभर अंतरावर दुसरं. तिसरं. ती रांगत रांगत बुंध्याला वेढा घालून पुन्हा पहिल्या भोकापाशी आली. मेलं, किती नीट पाडलीत, मोजून मापून!

सुशील? छे. नवरा नागोठण्याला कंपनीत, शिफ्ट संपवून आला की आडवा होतो. पहार कुठल्या कोपऱ्यात असते हे तरी त्याला ठाऊक आहे का... पहार. आणि एकदम तिला रानडुकरं आठवली. गौरी-गणपती उरकले की ती दोन दिवस जित्याला माहेरी जाते, आणि परत येते तेव्हा दर साली बुंध्यांभोवतीची माती उकरलेली असते. "रातच्याला डुकरं आलती गो," असं मामा, तिचे सासरे, सांगायचे. आणि मी... मी बावळट ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे! आमची डुकरं फुकटात नांगरणी करून देतात, म्हणून. लोक हसायचे. मीही हसायचे.

ती उठली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

ओटीवर पुंडलिकमामा पाहुण्यांसाठी मडक्यात भाजायच्या पोपटीच्या वालाच्या शेंगा निवडत बसले होते. तिनं टोपण त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा खुलला. हरवलेली वस्तू सापडली म्हणून खुलला!

"आगो, कवाधरनं शोधतोय मी ह्याला. कुठं गावलं?"

"मामा, तुम्ही... यंदा तुम्ही औषध घातलंत?"

"यंदाच कशाला? सहा सालं झाली." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तू म्हायेरी जातेस ना, तवा. सुशीलला बी म्हाईत नाय."

सहा. तिला वाटलं, आपण ओरडू. ओरडलीच नाही ती. "का पण?" एवढंच, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या आवाजात.

"तिसऱ्या साली एका बी कलमाला मोहोर नाय. तू तिथं खाली बसून रडत व्हतीस. तुला वाटलं, कोण नाय. मी गोठ्यात व्हतो. नाय बघवलं गो मला." मग गुडघा चोळत, जरा ओशाळून, "यंदा पहार उचलंना, कशीबशी पाडली भोकं. आता नाय जमायचं वाटतं."

आणि पुन्हा शेंगा. जगात काहीच झालं नव्हतं! तिला त्या म्हाताऱ्याच्या हातातली पाटी उधळून द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. टोपण परत घेतलं, मुठीत धरलं, आणि फाटकापाशी गलका झाला.

सगळ्यात पुढं पनवेलची अपेक्षा होती. ती चौथ्या वर्षी येतेय, गेल्या साली पोटुशी होती. आता कडेवर दात फुटू लागलेलं बाळ. बाळाचं पहिलं आंब्याचं बोट इथल्याच आंब्याचं, असं तिनं फोनवर सांगितलं होतं, तेव्हा नूतन दिवसभर हवेत होती.

"ताई, काय मोहोर आलाय हो! बाकीच्यांच्या बागा तर रिकाम्या दिसल्या येताना. करता तरी काय तुम्ही?"

नूतननं वर पाहिलं. कलमं पिवळीधमक, माशा घोंगावतायत... आपल्याला हा वास इतकी वर्षं कसा गोड लागला? बांधावर तेवढा रायवळ आंबा हिरवाकंच, एक तुरा नाही त्याला. त्याच्या बुंध्याशी मामा कधी गेले नसणार, कलम नव्हे ते. त्याच्याकडे बघून ती दर साली म्हणायची, हा आमचा आळशी. त्याचं मन यंदा मोहरायचं नव्हतं, म्हणून तो मोहरला नव्हता.

सांग. आत्ता सांग. बाळाच्या तोंडात त्याची स्वतःची मूठ होती, लाळेनं चकचकीत. नूतननं श्वास घेतला, शब्द जुळवू लागली, अपेक्षा, ऐक, हे जे दिसतंय ना... आणि त्या शब्दांच्या आधी, त्यांना बाजूला सारून, एक विचार सरळ वर आला, अगदी घरातला, रोजचा, उद्या दळण कुणी आणायचं असा: पुढच्या भाद्रपदात पहार कोण उचलणार?

ती दचकली. कुणी बोललं का, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मामा ओटीवर शेंगा निवडत होते.

"ताई?" अपेक्षानं विचारलं.

मुठीतलं टोपण ऊन झालं होतं.