चुन्यातला मूळपुरुष

मोठे साहेब यायचे म्हटलं की फौजेत जे हलत न्हाई त्याला चुना फासतात. टेंभुर्णीकडच्या गोळीबाराच्या मैदानात सुभेदार संघपालनं तेच केलं. टेकाडावरचे सात जुने दगड उपटले, रस्त्याच्या कडेला रांगेत रोवले आन् पांढरेफटक रंगवले. खड्डेसुद्धा बुजवून, धुमुसानं ठोकून बराबर केले. शिस्त म्हणजे शिस्त!

त्यातला एक दगड म्हणजे नंदाबाईंच्या सासरचा मूळपुरुष, गाई सोडवताना पडलेला वीर. जमीन फौजेकडं गेली, तरी दर दसऱ्याला पास काढून बाई आत जायच्या आन् त्याला तेल घालून यायच्या. चाळीस वर्षांत एक दसरा चुकला न्हाई. आता ते टेकाडच सपाट करायचं घाटत होतं. राखण्याजोगं आहे का, हे ठरवायला पुरातत्त्व खात्याची अर्पिता आल्ती, आन् दगड ओळखायला तिनं बाईंना बोलावल्तं.

रांग बघून बाईंचं टाळकंच फिरलं. "आरं मुडद्या, तुझ्या आज्याला फासला असता का रे चुना?"

"मावशी, मला काय ठावं?" संघपाल चार पावलं मागं सरला. "साहेब म्हणले, जल्दी साफसफाई करा."

बाईंनी एकेका दगडावर हात फिरवला आन् तिसऱ्यापाशी थांबल्या. "ह्यो आमचा."

"आज्जी, दगड ओळखून भागत नाही," अर्पिता म्हणाली. "तो मूळ कुठं उभा होता ते कळलं, तरच टेकाड राखा असं मला लिहिता येईल. नाहीतर सोमवारी यंत्र येतंय."

चपला काढून बाई तरातरा टेकाडावर चढल्या. वर सगळं एकसारखं! बाई खाली बसल्या, चिमूटभर माती हुंगली, टाकली. पुढं सरकल्या, पुन्हा हुंगली. संघपालला हसू आवरेना.

"दात काय काढतो? इथं उकर!"

वीतभर खाली माती काळी, चिकट, तेलकट निघाली. आणखी खाली, दगड पक्का बसावा म्हणून चहूबाजूंनी ठोकलेल्या जुन्या पाचरी. अर्पितानं मापं घेतली. दगडाचं बूड त्यांच्यात तंतोतंत बसत होतं.

"आज्जी, टेकाड वाचलं! बाकीच्या खड्ड्यांचाही आता माग काढते."

बाईंना रडू फुटलं. चार जवानांनी मूळपुरुषाला उचलून वर आणलं. डोळे पुसत बाईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, तशी अर्पिता आडवी आली. "आता तेल नाही घालायचं. तेला-शेंदरानं दगड खराब होतो. नियमच आहे."

"आगं, तेलानंच तर जागा घावली तुला!"

अर्पिता ओशाळली, पण हटली न्हाई. बाईंनी दगडाकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं.

"दगडालाच न्हाई ना लावायचं?"

"हो, दगडाला नाही."

बाई वाकल्या आन् अख्खी बाटली खड्ड्यात उपडी केली. "ह्या सुभेदाराची बदली झाली की दुसरा येईल, तोबी उपटील. मंग तू काय हुंगशील?"