सौनात बसलेली रायफल

नळी शेवटी निघाली. पण कार्व्होनेनांच्या घरात ती निघालीच नाही असं ठरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराकाठी हे मूळच्या फिनलंडच्या लोकांचं घर. म्हाताऱ्या वाइनोंनी ती नळी तरुणपणी स्वतःच्या हाताने रायफलीला आवळली होती. आता ती आतून झिजली होती. गेले दोन हंगाम हरणं त्यांच्यासमोरून चालत जायची. पळायचे कष्टही घेत नव्हती. वाइनोंचे गुडघे म्हणत होते, यंदाचा हंगाम शेवटचा. जाता जाता बाबांना एक तरी हरण लागावं, म्हणून मुलाने, आर्व्हिडने, नवी नळी मागवली.

"मी आवळलेलं कुणाच्या बापाला निघायचं नाही," वाइनो म्हणाले.

"बाप तुम्हीच आहात. काढता का?"

वाइनो कॉफी पीत राहिले.

आर्व्हिडने गॅरेजमध्ये टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात रायफल घट्ट धरली, तेल सोडलं, पान्याला लांब पाइप जोडून लोंबकळला. कामाचं टेबल जमिनीतून उखडलं. नळी जागची हलली नाही.

"टेबल निघालं वाटतं," बायको, मार्लिस, दारातून म्हणाली. "आता सौनात ने, त्या तुमच्या वाफेच्या खोलीत. तुम्हा लोकांचं काहीही अडलं की तिथेच नेता. माझ्या बाळंतपणातसुद्धा तुझ्या आईने तेच सुचवलं होतं."

ती चेष्टा करत होती. आर्व्हिडला ते पटलं. तो रायफल मांडीवर घेऊन वरच्या बाकावर बसला, तापल्या दगडांवर पाणी टाकत. लोखंड हाताला सोसेना तसा टॉवेल गुंडाळून धावत गॅरेजमध्ये आला. या वेळी पाना फिरला आणि नळी निघाली. इतक्या सहज, की आर्व्हिडला थोडं वाईटच वाटलं.

तेवढ्यात दाराशी बाबांची काठी वाजली. त्याने अंगावरचा टॉवेल काढून दोन्ही तुकड्यांवर टाकला.

"निघाली?" वाइनोंनी विचारलं. काठीवरचा हात थरथरत होता.

आर्व्हिडने त्या हाताकडे पाहिलं. मग, आजवर आपण फक्त नळीलाच दोष देत आलो, हे त्याच्या लक्षात आलं.

"नाही बाबा. हरलो."

म्हातारा एकदम ताठ झाला. "सांगितलं होतं. आणि चड्डी घाल, थंडी आहे."

ते गेल्यावर मार्लिसने टॉवेल उचलून पाहिला आणि नवऱ्याला दिला. आर्व्हिडने जुनीच नळी जुन्या खुणेपर्यंत परत आवळली. मग स्वयंपाकघरात बसून त्याने लिहिलं:

"वनखात्यास सविनय विनंती, की हंगामाच्या पहिल्या सकाळी शिंगांचं एक प्रौढ हरण आमच्या मचाणापुढे वीस पावलांवर आडवं उभं राहील अशी व्यवस्था व्हावी. हरण शक्यतो रुंद असावं. पहिली गोळी चुकल्यास सदर हरणाने, वडिलांच्या वयाचा मान राखून, दुसरीची वाट पाहावी."