स्लॅबखालचा माणूस

गाडीत बसण्याआधी निदालने मुफलिहला बाजूला घेतलं. निदाल कंपनीचा प्रकल्पप्रमुख, वयाने मुफलिहच्या मुलाएवढा, राकानएवढा.

"अबू राकान, तिथे आपण मान खाली घालून बसायचं. बोलायचं ते शेख नायिफ बोलतील. अल्लाची मर्जी होती, संपलं."

"आणि माझा कागद?"

"कसला कागद? कुणी विचारलंय का? मग उगाच कशाला खाजवून खरूज काढताय!"

मुफलिह गाडीत जाऊन बसला. कागदाची प्रत कोटाच्या आतल्या खिशात होती. गेले तीन दिवस तो ती उशाखाली घेऊन झोपत होता.

पंधरा माणसं, चार गाड्या. मेलेल्याच्या दारी माफी मागायला जाताना सोबत वजनदार माणसं लागतात, म्हणून कंपनीने तफीलाच्या डोंगरातले एकूण एक पांढऱ्या दाढीचे शेख गोळा केले होते. टेकूखाली फळ्या टाकायला मात्र या कंपनीला वेळ मिळाला नव्हता.

सव्वीस वर्षं मुफलिहने एकच काम केलं होतं. नाही म्हणण्याचं. जुन्या पद्धतीत मालक एक, नकाशे काढणारा दुसरा, बांधणारा कंत्राटदार तिसरा, आणि मालकाच्या वतीने साइटवर ठाण मांडून बसणारा चौथा, म्हणजे मुफलिह. या चौघांचं एकमेकांशी कधी पटत नसे आणि त्या न पटण्यावरच इमारती उभ्या राहत. मुफलिहची सही झाल्याशिवाय काँक्रीटची एक पाटीसुद्धा पडत नसे. कंत्राटदार त्याच्या नावाने बोटं मोडत, आणि ते ऐकून त्याला मनापासून बरं वाटे.

ज्या आरोग्यकेंद्रावर माणूस मेला, त्याचं काम मात्र सरकारी खात्याने एकाच कंपनीला एकगठ्ठा देऊन टाकलं होतं. नकाशे तुम्हीच काढा, बांधा तुम्हीच, देखरेखही तुम्हीच ठेवा. काम झटपट होतं म्हणे. मुफलिहला निदालच्या कंपनीने नोकरीवर घेतलं. डोक्यावर तीच पांढरी टोपी, तसंच टेबल, तेच छापील अर्ज. त्याने करारातलं सुट्ट्यांचं पान तेवढं वाचलं आणि सही ठोकली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या करारातला स्वल्पविरामही न सोडणारा माणूस! आता सही करणारे दोघं होते, त्यांतली कुठलीही एक सही पुरत होती, आणि दुसरी निदालच्या मदतनिसाची होती.

सोमवारी सकाळी तो स्लॅबची सेंट्रिंग तपासायला गेला. मागच्या बाजूचे टेकू ताज्या भरावावर उभे होते, खाली फळ्या नव्हत्या, आणि टाकीचं पाणी गळून माती भिजली होती. बुटाचं टोक दाबलं तर रुतत होतं. त्याने तिथल्या तिथे अर्ज भरला. "टेकू असुरक्षित. ओतकामास परवानगी नाही." तारीख, वेळ, सही. एक प्रत निदालच्या टेबलावर ठेवली, वर दगडाचं वजन ठेवलं, आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीचे अहवाल आणायला तो तफीलाला निघाला. आता निदान दोन दिवस काम बंद, असं तो धरून चालला.

उतरताना जिन्यात आयिद भेटला. सेंट्रिंगचा सुतार, कमरेला हातोडा, वय एकोणतीस. आधी एका शाळेच्या कामावर दोन वर्षं दोघं एकत्र होते, तेव्हापासून तो मुफलिहला अम्मो, म्हणजे काका म्हणे. आयिदच्या मुलीचं हिंद हे नाव ठेवलं त्या दिवशी मुफलिहने त्याच्या घरी पोटभर भातमटण खाल्लं होतं.

"काय अम्मो, आज ओतायचं ना? गाड्या वाटेत आहेत म्हणतात."

"बघू, निदालला विचार."

बस, एवढंच. कारण सव्वीस वर्षांचा नियम होता. देखरेखीच्या इंजिनिअरने कंत्राटदाराच्या मजुराला थेट काही सांगायचं नाही, जे सांगायचं ते कंत्राटदाराला, लेखी. नियम चांगलाच होता, त्यामुळे साइटवर दोन मालक होत नसत. पण आता मुफलिह स्वतःच कंत्राटदाराचा माणूस होता, आणि नियम मात्र जुन्या नोकरीचा पाळत होता.

मदतनिसाने सही केली. अकरा वाजता स्लॅब कोसळला. ओतकाम चालू असताना एका सुताराने खाली उभं राहून टेकूंवर नजर ठेवायची असते. त्या दिवशी पाळी आयिदची होती.

गाड्या पोचल्या तेव्हा आयिदच्या घरापुढे शोकाचा तंबू होता. त्याचे वडील, हाज स्वैलिम, उठले नाहीत. सगळ्यांपुढे कॉफीचे पेले ठेवले गेले. कुणी हात लावला नाही. माफीची मागणी मान्य झाल्याशिवाय ती प्यायची नसते.

शेख नायिफ छान बोलले. नशीब, सबुरी, अल्लाची मर्जी. हाज स्वैलिमनी सगळं ऐकून घेतलं.

"मर्जी त्याचीच," ते म्हणाले. "पण मला म्हाताऱ्याला एवढंच सांगा, इमारत कुणाची?"

"खात्याची," निदाल म्हणाला.

"खात्याचा माणूस आलाय?"

"नाही, हाज. खात्याने सगळं आमच्यावर सोपवलंय."

"नकाशा कुणाचा?"

"आमच्याच कार्यालयाचा."

"बांधलं तुम्ही. मग चुकतंय म्हणून ओरडायला कोण होतं?"

निदालने शेखांकडे पाहिलं. शेखांनी पेल्याकडे पाहिलं. मुफलिहला, खरं सांगायचं तर, दुःखापेक्षा सुटकेची घाईच जास्त झाली होती. त्याने खिशात हात घातला.

"मी होतो, हाज. मी नाही म्हटलं होतं. हे बघा, लेखी आहे. आठ वाजून चाळीस मिनिटं."

निदाल दातओठ खात पुटपुटला, "बसा खाली!"

म्हाताऱ्याने कागद घेतला, पुतण्याकडून वाचून घेतला, दोनदा. मग घडी घालून परत दिला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, इंजिनिअरसाहेब."

"हो. म्हणून तर लिहिलं."

"आयिद भेटला होता त्या सकाळी?"

मुफलिहला खोटं बोलता आलं असतं. "जिन्यात भेटला."

"मग त्याला काय सांगितलंत?"

नियम होता, हे त्या बापाला कोणत्या तोंडाने सांगणार?

"निदालला विचार म्हटलं," शेवटी मुफलिह म्हणाला.

हाज स्वैलिम शेख नायिफांकडे वळले.

"पिऊन घ्या. कंपनीला मी अल्लासाठी माफ केलं. या लोकांना माझा मुलगा म्हणजे एक सुतार. त्यांना त्याचं नावही मेल्यावर कळलं." मग मुफलिहकडे न बघताच ते म्हणाले, "तू त्याच्या घरी जेवला होतास. तुझा पेला राहू दे."

चौदा पेले उचलले गेले. निदालने तर एका घोटात संपवला. पुतण्या ओळीने पुढे आला, आणि मुफलिहपुढचा भरलेला पेला उचलून घेऊन गेला.