पडून थांबणारा काटा

काटा पडला आणि माझ्या तोंडून शिवी निघता निघता राहिली, कारण शेजारी इन्स्पेक्टर साहेब उभे होते.

गॅसची नवी लाइन टाकली की तिच्यात लगेच गॅस सोडत नाहीत, आधी हवा भरतात. पंपाने दाब द्यायचा, घराघरातले नळ बंद ठेवायचे आणि गेजच्या काट्यावर डोळे लावून उभं राहायचं. काटा जागचा हलला नाही तर लाइन पास. हलला तर कुठेतरी गळतंय, आणि ते सापडेपर्यंत गॅसचं नाव काढायचं नाही. इमारत चार मजल्यांची, मजल्याला एक स्वयंपाकघर, आणि तळापासून वरपर्यंतचा एकेक जोड माझ्या हाताने आवळलेला. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं माझं हे पहिलंच काम. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघितलं होतं, बुडबुडा म्हणून आला नव्हता. आणि नेमकं साहेबांसमोर या काट्याने माझं नाक कापलं.

"गळतंय," साहेब म्हणाले.

"नाही गळत," मी म्हणाले. "बघा ना, थांबला. गळती काय दम खायला थांबते? भोक असतं तर काटा घसरतच राहिला असता. हा पडला आणि थांबला. साहेब, हे भोक नाही, हा हात आहे. कुणीतरी नळ उघडून परत बंद केलाय."

साहेबांनी भुवया उंचावल्या. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना आज अजून दोन इमारती करायच्या होत्या. आमची आज पास झाली नाही, तर ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाणार होती आणि ती रांग मारुतीच्या शेपटासारखी लांब होती.

खरं सांगायचं तर मला बाकीच्या तीन मजल्यांची तेवढी पर्वा नव्हती. माझा जीव टांगणीला लागला होता तो चौथ्या मजल्यासाठी. तिथे माझी आई राहते. मी शाळेत असताना तिच्या शेगडीची जुनी रबरी नळी फाटली आणि भडका उडाला. आईने धावत जाऊन सिलिंडर बंद केला, घर वाचवलं, पण उजवा हात मनगटापर्यंत भाजला. हात बरा झाला, भीती बरी झाली नाही. तेव्हापासून ती विजेच्या हॉटप्लेटवर कसंबसं रांधते, आणि कुणाकडे शेगडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभी राहते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरंच. पण माझ्या आईने ताकाचंच तोंड बघायचं सोडलं होतं. मी या धंद्यात शिरले ती त्या भडक्यामुळेच. आईच्या घरात एकदा तरी निळी, शहाण्यासारखी जळणारी ज्योत मला बघायची होती.

"लाव तुझे पाइप," ती म्हणाली होती. "भिंत तुझीच आहे. पण मी त्या नळाला हात लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"पैलवान, तू काट्यापाशी थांब," मी माझ्या जोडीदाराला सांगितलं. याला पैलवान म्हणतात कारण वारा सुटला की हा पाइपला धरून उभा राहतो. मी जिना चढायला लागले.

पहिल्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात. दार उघडंच होतं. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मी नाही हो."

"काय नाही?"

"म्हणजे, तू जे विचारणार आहेस ते." मग त्यांनी चष्मा पुसला. "एकदाच. आणि अगदी थोडा. आला का बघितलं नुसतं."

"मास्तर! सकाळी सगळ्यांना जिन्यात उभं करून सांगितलं होतं ना? मी हो म्हणेपर्यंत नळाला हात लावायचा नाही. तुमच्या वर्गात पोरांनी असं केलं असतं तर?"

"अंगठे धरायला लावले असते," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. त्यांच्या मागे टेबलावर नवी कोरी किटली पुसून ठेवलेली दिसली, म्हणून माझा राग अर्धा झाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर अख्खी इमारतच गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होती. मी त्यांच्या नळाच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या मजल्यावरच्या केकवाल्या मावशींच्या नळालाही गुंडाळली, त्या "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणत असताना. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने तर दांड्यावर हात ठेवून फोटो काढायची तयारी केली होती. त्यांचा फोटो राहिला आणि माझी पट्टी बसली.

चौथ्या मजल्यावर मी गेलेच नाही. ज्या बाईने नळाला हात लावायचा नाही म्हणून जाहीर केलंय, तिच्या नळाला पट्टी कशाला?

खाली येऊन पंप मारला. काटा वर चढला, उभा राहिला. मी, साहेब आणि पैलवान, तिघेही त्याच्याकडे दूध तापायला ठेवल्यासारखं बघत होतो. साहेबांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात काटा पडला. पडला आणि थांबला.

"आता?" साहेब म्हणाले.

मला रडू यायचं बाकी होतं. पट्ट्या लावलेल्या, जोड कोरडे, आणि तरी हा मेला काटा!

"अजून एकदाच," साहेब म्हणाले. "त्यानंतर मला निघावं लागेल. दुसरा इलाज नाही."

पैलवानने घसा खाकरला. "ताई, एक विचारू? चौथा मजला?"

"तिथे माझी आई आहे."

"म्हणूनच विचारतोय."

"अरे, ती शेगडीच्या नावानेसुद्धा..." मी बोलता बोलता थांबले. सगळ्या इमारतीत एकच नळ पट्टीवाचून राहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी दोन दोन पायऱ्या एका वेळी चढत वर पळाले.

आईचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी होती. खिडकी सताड उघडी. नळाच्या तोंडाला धूळ जाऊ नये म्हणून मी बसवलेली प्लास्टिकची टोपी ओट्यावर एका बशीत नीट काढून ठेवलेली. आईच्या डाव्या हातात लायटर होता. तिच्या घरात लायटर! आणि उजवा, तो भाजलेला हात, नळाच्या दांड्यावर होता. ती पुटपुटत होती. "आधी खिडकी. मग वास. वास आला तर नळ बंद आणि सरळ बाहेर, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. वास नाही आला तर..." मी घरोघरी सांगते ते सगळं, माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने.

"आई!"

ती दचकली, पण हात दांड्यावरून काढला नाही. नळ बंद आहे ना हे बोटांनी चाचपून बघितलं आणि मगच वळली.

"ओरडतेस काय? घाबरवशील एखाद्याला."

"तू नळ उघडलास?"

"दोनदा," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. "अगं, रोज उघडते. तू बसवून गेलीस ना, तेव्हापासून. पहिल्या दिवशी नुसतं बोट लावलं तर अंगाला कापरं भरलं. मग रोज थोडं थोडं. तुझ्यासमोर कशाला? तू गॅस सोडशील त्या दिवशी माझा हात थरथरला तर तुझंच तोंड एवढंसं होईल, म्हणून सराव करत होते. रोज काही आवाज नसायचा. आज उघडला तर फुस्स्! भडका उडाला होता ना, त्याच्या आधी असाच आवाज आला होता बघ."

"मग?"

"मग काय? पळाले नाही." आईने हनुवटी वर केली. "बंद केला. माझी मीच. आणि मग परत उघडला. एकदा जमलं ते खरंच जमलं की नुसतं नशीब, हे बघायला नको? परत फुस्स्, परत बंद."

या बाईवर मी चिडायचं ठरवून वर आले होते. तिच्यामुळे इमारतीचा गॅस हुकणार होता, माझी अब्रू जाणार होती. आणि मी वेड्यासारखी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि घाईघाईने ती टोपी परत बसवत होते.

"आई, ती हवा होती. आम्ही परीक्षा घेत होतो. तू दोनदा नापास केलंस मला."

"अगं बाई!" आईने तोंडावर हात ठेवला. "मग मास्तर जिन्यात तोंड लपवून बसलेत ते?"

"त्यांचाही हात होता. पण काटा मुख्यतः तू पाडलास."

"मग घे परत परीक्षा," आई म्हणाली. तिने लायटर ओट्यावर ठेवला, स्टूल ओढून नळासमोर बसली आणि दोन्ही हात काखेत घातले. "मी इथून हलत नाही. जा, पळ!"

मी पळाले. खाली येईपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती. मास्तर, मावशी, नवं जोडपं, सगळे जिन्याच्या कठड्याला लागून उभे होते आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं, जणू खोकल्याने काटा हलेल. पैलवानने पंप मारला. काटा चढला. साहेबांनी घड्याळ लावलं. मी काट्याकडे बघत राहिले. तो भिंतीतल्या खिळ्यासारखा उभा होता. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून तिथे दुखतंय.

"पास," साहेब म्हणाले.

असा ओरडा झाला की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. मास्तरांनी साहेबांना मिठी मारली. साहेबांना ते आवडलं नाही, पण ते हसले.

गॅस सोडताना आधी पाइपातली हवा बाहेर काढावी लागते, आणि ती सगळ्यात वरच्या घरातून काढतात. म्हणून पहिली शेगडी चौथ्या मजल्यावरचीच. सगळ्यांना बजावलं, बेल वाजवायची नाही, दिवा लावायचा नाही, काडी ओढायची नाही. साहेबांनी खालचा मुख्य नळ सोडला. मी खिडकीबाहेर सोडलेल्या नळीतून हवा जाऊ दिली, वास आला तसा नळ बंद केला, घर मोकळं होऊ दिलं. मग शेगडी जोडली, जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. पुन्हा एकदा लावलं. नाही.

"पेटवू?" मी लायटर हातात घेतला.

"दे इकडे," आई म्हणाली.

ती शेगडीसमोर गेली. खिडकीकडे बघितलं, हुंगून बघितलं. नळ उघडला. लायटर बर्नरला टेकवला, बटण फिरवलं आणि चाप ओढला. निळी ज्योत गोल उभी राहिली. आई अर्धं पाऊल मागे सरकली, थांबली, आणि तेच अर्धं पाऊल परत पुढे आली.

"आला का हो?" जिन्यातून मास्तर ओरडले. "अहो, आला का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच आईने आच बारीक केली, जिन्याच्या दाराशी गेली आणि इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात खाली ओरडली, "आला! चढा वर, चहा टाकतेय! मास्तर, तुमची ती नवी किटली घेऊन या, एवढं मोठं भांडं माझ्याकडे नाही!"

परत येऊन तिने पातेलं ज्योतीवर ठेवलं. हात अजिबात हलत नव्हता. पाण्याचा तांब्या मी तिच्या हातात दिला, तर तो मात्र सांडला, कारण थरथरत मी होते.