थैली रिकामी होत नाही

मी एक फीड रीडर बोलतोय, फोनमधलं बातम्या वाचायचं ॲप. आधीच माफी मागतो. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं दाखवलं, स्वतः लिहायची वेळ आजच आली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. भारी शब्द मला येत नाहीत.

माझं काम साधं. सांगितलेल्या ठिकाणांहून नव्या बातम्या आणायच्या, ओळीनं लावायच्या आणि वाचायच्या किती राहिल्या तो आकडा वर दाखवायचा. शून्य झालं की म्हणायचं, "सगळं वाचून झालं."

माझा मालक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. लाजाळू इतका, की गिऱ्हाइकाशी बोलतानाही भिंगाकडेच बघतो. वडिलांच्या फोनवर त्यानं मला आणलं. बाबा टपाल कार्यालयात पत्रं छाटायचे, म्हणजे थैलीतली पत्रं गावांप्रमाणे वेगळी लावायचे. थैली रिकामी झाल्याशिवाय त्यांनी कधी टेबल सोडलं नव्हतं. निवृत्तीनंतर मीच त्यांची थैली झालो. शून्य दिसलं की चष्मा पुसत उठायचे. "चला, झाली छाटणी." मग नाश्ता, मग मित्राबरोबर बागेत फेरी.

एक दिवस मला बनवणाऱ्यांनीच दुकान गुंडाळलं. मालकानं दुसरे रीडर पाहिले. एकाची अक्षरं मुंगीएवढी, बाबांना दिसेनात. दुसऱ्यानं पहिल्याच दिवशी वर्गणीसाठी हात पसरला. तिसरा देखणा, फुकट, आवड ओळखून आपणहून बातम्या आणणारा. तोच ठरला. मी कोपऱ्यात पडून राहिलो.

त्या नव्याला शेवटच नव्हता. बाबांनी एक वाचली की खालून चार वर येत.

"अहो, चहावर साय धरली," आई म्हणायची.

"एवढं छाटतो नि उठतो."

"जगाच्या बातम्या संपवूनच उठा. मी पुढच्या जन्मी ताट वाढते."

मित्र दारातून हाका मारून जायचा. पुढे तोही यायचा थांबला. बसून बसून बाबांचे पाय सुजले. मला सगळं दिसत होतं, पण मला ना तोंड, ना हात.

एकदा ते मुलाला हळूच म्हणाले, "आता जमत नाही रे. माझं काम कधी मागं राहिलं नव्हतं."

"बाबा, ते संपतच नाही. बनवलंयच तसं."

"असं कसं? कुठलीही थैली संपते."

मुलानं सगळी सेटिंग्ज धुंडाळली, आणखी दोन रीडर लावून पाहिले. कुठे अक्षरं लहान, कुठे तोच वाहता नळ.

मला परत लावा असं मी म्हणत नाही, ते आता होणं नाही. पण घरातल्या कुणासाठी नवा रीडर निवडाल, तेव्हा तो कधीतरी "झालं" म्हणतो का, एवढं बघा.

मुलाची ती खटपट फसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वाचत बसले होते. मुलगा मागं येऊन उभा राहिला आणि टपालातल्या साहेबासारखा आवाज काढून म्हणाला, "ड्युटी संपली. टेबल सोडा."

बाबा दचकले. "मागं किती राहिलं?"

त्यानं फोन हातात घेतला. बातम्या वाहतच होत्या.

"काही नाही," तो म्हणाला, आणि फोन उपडा ठेवला.

पुढचं मला दिसलं नाही. फक्त चपलांचा आवाज आला, दोघांच्या.