डब्यातली खिरापत

माह्या कपिला गाईच्या दुधाले नाव ठेवनारा मानूस केनवडात अजून जन्मले यायचा हाये, असं मी त्या डॉक्टरीनबाईले तोंडावर सांगतलं. अंगनवाडीत लेकरं तपासाले आली होती ती. माही नात वैभवी दोन वर्साची. तोंड पांढरंफटक, दिवसभर किरकिर, चार पावलं चालली का खाली बसे. तिचं रक्त निघालं साडेसात.

"सातच्या खाली गेलं तर वाशीमला भरती करावं लागेल, आजोबा," डॉक्टरीनबाई म्हने. "अंगात लोह कमी आहे. दूध किती पिते?"

"तीन गिलास! तेबी पितळी!" मी छाती फुगवून सांगतलं.

"तिथंच चुकतंय. दुधात लोह नसल्यातच जमा. पोट दुधानंच भरलं तर बाकीचं जाणार कुठं? एका पेल्यावर आणा."

मी असा तापलो म्हनता! गोठ्यात दुभती गाय असून नातीचं दूध तोडू? आमच्या सात पिढ्या दुधावर वाढल्या, अन् हे कालची पोरगी मले शिकवून राह्यली!

माही सून निकितानं मात्र कंबर कसली. औषध सुरू केलं. त्याच्यावर पालकाची डाळ, लोखंडी कढईतली चवळीची उसळ लिंबू पिळून, सकाळी हाळीव-तिळाचा लाडू. वैभवी काय करे? थू! सारं भिंतीवर. मंग "दूदू, दूदू" करून अशी रडे का मले पाहवे ना. मी तिले गुपचूप गोठ्यात नेऊन गिलास पाजू लागलो.

चौथ्या रोजी पकडल्या गेलो. पोरीच्या ओठावर दुधाची मिशी होती. निकिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ते हळूच बोलली, तेच मले लागलं.

"मामाजी, तिच्या एवढ्याशा हाताले सुई टोचली तर तुमी पाहसान काय? अन् ते तुमच्याच ताटाकडं पाहून राह्यली. तुमी साठ वर्सांत मेथीले बोट लावलं नाई, मंग पोट्टी काहून लावीन?"

लाज वाटली, बावा. त्या दिवसापासून गोठ्यातला गिलास बंद.

तवा भुलाबाईचा महिना चालू होता. आमच्या इकडं संध्याकाळी पोट्ट्या घरोघर भुलाबाईचे गाने म्हनतात, अन् मंग घरची बाई खिरापतीचा डबा खडखड वाजवते. आत काय हाये ते ओळखाले लावते, अन् तवाच झाकन उघडते. आमच्या घरी निकितानं डबा वाजवला.

"शेंगदाने! पेढे! मुरमुरे!" पोट्ट्याईनं गिल्ला केला.

"मांजल! मांजल!" वैभवी मधात घुसून ओरडली.

हसू हसू साऱ्याईचं पोट दुखलं. शेवटी एकीनं "लाडू" म्हटलं अन् झाकन उघडलं. वैभवीनं दोन्ही हातानं लाडू उचलला अन् खाऊन टाकला. सकाळी भिंतीवर थुकला होता, तोच हाळिवाचा लाडू! मी निकिताकडं पाह्यलं, निकितानं माह्याकडं.

दुसऱ्या रोजी मी डबा घेऊन ओट्यावर बसलो. उसळ काही वाजत नाई, म्हनून आत चमचा टाकला. भुलाबाईचं गानं येत नाई, म्हनून भजनाच्या चालीत मनातलंच काहीबी म्हटलं. "ओळख पाहू, वैभवी!" ते कदी बिस्कुट म्हने, कदी कपिला म्हने, अन् झाकन उघडलं का चवळी मुकाट्यानं खाये.

शेजारचा भिवाजी रस्त्यानं जाता जाता थांबला. "काय शालिग्राम, म्हातारपनी भुलाबाई बसवली काय?"

"बसवली! तुले खिरापत पाह्यजे असन तर गानं म्हन, नाई तर रस्ता धर!"

कोजागिरी झाली, पोट्ट्याईची भुलाबाई उठली, आमची चालूच राह्यली. दोन महिन्यानं परत तपासनी झाली. अंगनवाडीच्या लिलाबाईनं कागद दोनदा पाह्यला अन् म्हने, "भाऊ, दहाच्या वर गेलं!" मी वैभवीले खांद्यावर घेतलं अन् साऱ्या गावातून मिरवत घरी आनलं.

घरी आल्याबरोबर पितळी गिलास काठोकाठ भरला. म्हटलं, आज तरी पिऊ दे लेकराले. वैभवीनं गिलास बाजूले सारला. घरात पळाली, डबा घेऊन आली अन् माह्या कानापाशी वाजवला.

"आबा, ओलख!"

"लाडू?"

"नाई!"

"चवळी?"

"नाई!"

"मंग मांजर!"

ते हसून लोळली. निकिता दाराआड तोंडाले पदर लावून उभी होती, तवाच मले समजाले पाह्यजे होतं. झाकन उघडलं. मेथीची भाजी.

आता खिरापतीले नाई म्हनता येते काय? साठ वर्सांत पहिल्यांदा मेथीचा घास तोंडात घातला. अशी कडू का इचारू नका! पन समोर वैभवी डोळे वटारून, बोट रोखून उभी.

"थू नाई कलायचं," ते म्हने.

नाई केलं, माय. गिळला, अन् दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.